चार इंचांवर वीस

आमच्या भाऊजींना अडीचकी तोंडपाठ होती. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी हेही यायचं, पण जीव अडीचकीवर. आकडा कानावर पडला की त्याची अडीचपट त्यांच्या तोंडून आपोआप निघायची. त्यांच्या वडिलांनी स्वतः कधी पाटी हातात धरली नव्हती, म्हणून पोराचे पाढे पाठ झाल्याशिवाय ते त्याला ताटावर बसू द्यायचे नाहीत. आता कोणाला अडीचकी विचारा, तोंडाकडे पाहत राहील. पण ऐंशीच्या दशकात चंद्रपुरातल्या आमच्या गॅरेजचं अर्धं काम त्या अडीचकीवर चालायचं, अन् आमच्या घराचं वाटोळं झालं तेही तिच्याच आडोशानं. तिला बोल लावायचा नाही मला. पाढ्याचा काय दोष?

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. बहिणीला मी बाई म्हणतो, आमच्याकडे तसंच म्हणतात. बल्लारपूरच्या रस्त्यावर एक गॅरेज होतं, तिथं भाऊजी आधीपासून होते, मागाहून त्यांनी मलाही फिटर म्हणून लावून घेतलं. साळा-भाऊजी एका छपराखाली म्हटल्यावर मस्करी चालायचीच. ते मला ‘पाहुणे’ म्हणायचे. पाहुणे, जरा पाना देता का, पाहुणे, उठा आता, हेड उचलायचं आहे. माझं डोकं लवकर तापायचं, त्यांचं कधीच नाही. मी शिव्या देत गंजका नट तोडून टाकायचो, ते त्याच नटावर रॉकेलचे चार थेंब सोडून बिडी ओढत बसायचे अन् थोड्या वेळानं बोटांनी फिरवून काढायचे. बाई म्हणायची, तुमचं अर्धं डोकं ह्याला द्या अन् ह्याचं अर्धं तुम्ही घ्या, म्हणजे दोघंही माणसात याल.

आमच्याकडे ट्रक यायचे. आलापल्लीकडून सागवान अन् बांबू भरून येणारे, खाणीतून कोळसा वाहणारे, गडचांदुराकडचे चुनखडीचे. ओव्हरलोड चालवून चालवून त्यांच्या इंजिनांची हेडं, म्हणजे सिलिंडरांवरची लोखंडी झाकणं, तडकायची, व्हॉल्व्ह जळायचे. आम्ही ती हेडं सांधायचो, व्हॉल्व्हच्या सीटा नव्यानं कापायचो. पण हेड नुसतं सांधून भागत नाही. प्रत्येक सिलिंडरला सारखी हवा गेली पाहिजे, नाहीतर गाडी काळा धूर ओकते अन् चढावर दम टाकते. आमचे मालक मिलिटरीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. त्यांनी तिथं हवा मोजायचा बेंच पाहिला होता, तसाच एक त्यांनी घरच्या घरी बनवला. एक मोठी लाकडी पेटी, तिच्या पोटात दोन ब्लोअर, वर हेड बसवायची जागा, अन् बाजूच्या फळीवर पाणी भरलेल्या दोन काचेच्या नळ्या. ब्लोअर हेडमधून हवा ओढायचा. एका नळीतलं पाणी सांगायचं की ओढ किती इंचांची, दुसऱ्या नळीतलं सांगायचं की हवा मिनिटाला किती घनफूट गेली. आख्ख्या जिल्ह्यात असा बेंच दुसरा नव्हता, अन् ते मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

अडचण एवढीच होती की मालकांजवळ कंपनीचा जो तक्ता होता, त्यातले सगळे आकडे पंचवीस इंच ओढीचे होते. आमचे ब्लोअर पंचवीस इंच ओढायचं नावही काढत नव्हते. दुपारी व्होल्टेज पडलं की बल्ब पिवळा व्हायचा अन् ब्लोअर नुसते कण्हायचे. मग जेवढी ओढ मिळेल तेवढ्यावर मोजायचं अन् आकडा पंचवीसवर नेऊन तक्त्याशी ताडून पाहायचा. तो हिशोब साधा नाही. ओढ दुप्पट झाली म्हणून हवा दुप्पट होत नाही. ओढ चौपट होते तेव्हा कुठे हवा दुप्पट होते. म्हणून पंचवीसला आपल्या इंचांनी भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं अन् त्यानं आपली हवा गुणायची.

वर्गमूळ म्हटलं की गॅरेजातले सगळे दुसरं काम शोधायचे. भाऊजींनी त्यावर युक्ती काढली. ते ओढ बरोबर चार इंचांवर आणून ठेवायचे. चाराचं मूळ दोन, पंचविसाचं पाच, पाच भागिले दोन म्हणजे अडीच. झालं! हवा कितीही येवो, तिची अडीचकी सांगितली की पंचवीस इंचांचा आकडा तयार. लाइन चांगली असली तरी ते ब्लोअर मुद्दाम कमी करून चारवरच घ्यायचे. मग खात्रीसाठी कधी नऊ इंचांवर घ्यायचे, त्याला पाचानं गुणून तिनानं भागायचे. दोन्हीकडून आकडा एकच आला की हेड पक्कं. आकडा हलला की कुठंतरी गळतं आहे, असं समजायचं. इंच बदलले तरी जे बदलत नाही तेच खरं, असं ते नव्या माणसाला सांगायचे.

मालकांना ही चार इंचांची सवय आवडायची नाही. एवढ्याशा ओढीवर मोजलं की बारीक चूकही अडीचपट होऊन पुढं येते, हे त्यांचं म्हणणं होतं अन् ते खरंही होतं. हेडच्या आतल्या वाटेत जराशी काजळी राहिली की चार इंचांवरचा आकडा बोंबलायचा. पण सवय सोडतील तर ते भाऊजी कसले! त्यांनी त्यावरही उपाय काढला, अन् तोच त्यांना भोवला. त्यांनी ठरवलं की काजळी राहूच द्यायची नाही, हेड आपण स्वतःच साफ करायचं.

हेड साफ करायचं म्हणजे वाळू मारायची. इरई नदीच्या पात्रातली वाळू वाळवून, चाळून, कॉम्प्रेसरच्या जोरावर पाईपातून हेडवर सोडायची. त्यानं लोखंड चांदीसारखं निघायचं. मागच्या बाजूला तीन अंगांनी बंद असा पत्र्याचा खोपा होता, त्यात हे काम चालायचं. तोंडाला दुपट्टा बांधायचा, बस्स, बाकी काही नाही. बाकीच्या गॅरेजांत हे काम पाळीपाळीनं करायचे. आमच्याकडेही आधी तसंच होतं, पण दुसऱ्यानं साफ केलेलं हेड भाऊजींना पटायचंच नाही. कोपऱ्यात काळं राहिलं, असं म्हणून ते पुन्हा खोप्यात घेऊन जायचे. होता होता बाकीच्यांनी अंग काढून घेतलं अन् ते काम कायमचं त्यांच्या गळ्यात पडलं. कितीतरी वर्षं ते त्या खोप्यातून बाहेर आले की भुवया अन् पापण्या पांढऱ्या. आम्ही हसायचो. नवरदेव हळद सोडून पीठ लावून आला, असं म्हणायचो. त्या पिठाचा आतही थर बसत होता, हे कोणाच्या मनात आलं नाही.

आधी खोकला आला. खोकला गॅरेजात कोणाला नसतो? मग सायकल चढावावर हातानं ढकलत नेऊ लागले. बाबूपेठेतल्या आमच्या विहारात दर रविवारी वंदना व्हायची, ती भाऊजी पुढे बसून म्हणायचे. त्यांचा आवाज लांब चालायचा, एका दमात आख्खी गाथा. आता गाथा मधेच तुटायला लागली. ते थांबायचे, श्वास घ्यायचे, अन् मागचे सगळे लोक त्यांच्यासाठी थांबायचे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी बाईकडे पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती, पण तिचे जोडलेले हात घट्ट आवळले होते.

बाईनंच हट्ट करून त्यांना छातीच्या डॉक्टरकडे नेलं. टीबी असेल असं सगळ्यांना वाटत होतं, अन् खरं सांगतो, टीबी निघावा असंच आम्हाला वाटत होतं, कारण त्याला औषध असतं. फोटो काढला. टीबी नव्हता. डॉक्टर म्हणाले की छातीत वाळूची धूळ बसली आहे, ती निघत नाही. वाळूचं काम आजपासून बंद करा अन् नागपूरला जाऊन फुप्फुसाची ताकद मोजून आणा. मशीन इथं नाही. किती वाया गेलं अन् किती शिल्लक आहे ते कळेल, मग पुढचं पाहू.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कामावर आले. मला वाटलं, मालकांना सांगतील अन् वाळू सोडतील. ते सरळ बेंचजवळ गेले. ब्लोअर बंद ठेवले, हेडच्या जागी मधोमध बारीक भोक असलेली पत्र्याची चकती बसवली, पेटीला रबरी पाईप जोडला अन् तो तोंडात धरून फुंकले. नळ्यांतलं पाणी हललं, नेहमीच्या उलट्या अंगाला. त्यांचं पाणी कसंबसं चार इंचांवर गेलं. दुसऱ्या नळीवर हवा आठ. आठाची अडीचकी वीस. मग आम्हा सगळ्यांना त्यांनी एकेक करून फुंकायला लावलं. कोणी नऊ इंचांवर नेलं, कोणी त्याच्याही वर. प्रत्येकाचा हिशोब करून त्यांनी पंचवीसवर नेला. सगळ्यांचे वीस. माझेही वीस. ते पाईप पुसत मला म्हणाले, पाहुणे, नागपूरची मशीन अन् आपली मशीन, हवा तर हवाच असते ना?

त्या दिवशी मला हायसं वाटलं, हे लपवून काय फायदा. आकडा समोर होता. बेंच खोटं बोलत नाही, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यावर शंका घ्यायचं सुचलंच नाही. मालक तिथंच उभे होते. ते नुसती मान हलवून ऑफिसात गेले. त्यांना यातली गोम कळली नसेल, असं मी आजही मानत नाही. बेंच त्यांनी बनवला होता, हिशोब त्यांनी शिकवला होता. पण भाऊजींसारखी वाळू मारणारा माणूस दुसरा कुठून आणणार होते ते? गप्प बसणं त्यांना सोयीचं होतं, म्हणून गप्प बसले. ते आता नाहीत, पण माझा राग आहे तिथंच आहे.

नागपूर राहिलं. वाळू चालू राहिली. बाई रोज संध्याकाळी दारातच विचारायची, आज किती? भाऊजी सांगायचे, आठ आले, अडीचकीनं वीस. तिला घनफूट कळत नव्हतं, वर्गमूळ तर दूरच. पण एवढं तिनं धरून ठेवलं होतं की आधी लहान आकडा येतो, मग हे गुणतात, मग वीस होतात, अन् वीस म्हणजे चांगलं. वीस ऐकलं की ती चुलीकडे वळायची. मी कधी त्यांच्या घरी जेवायला असलो की मलाही विचारायची, खरंच वीस ना? मी म्हणायचो, होय बाई, मी समोर होतो.

पाणी मात्र खाली येत गेलं. पावसाळ्यात चारचे तीन झाले. भाऊजींनी तिनाचा गुणक कागदावर काढला. आकडा आला वीस. हिवाळ्यात दोन. पुन्हा वर्गमूळ, पुन्हा वीस. ते खूश व्हायचे. इंच बदलले तरी आकडा हलत नाही, म्हणजे कुठं गळत नाही, म्हणजे हेड पक्कं. तोवर ते घरात भिंतीला टेकून बसून झोपायला लागले होते. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा. शर्टाच्या गळ्याजवळ दोन्ही हाडं वर आली होती. मला दिसत होतं की माणूस उतरत चालला आहे, अन् मला हेही दिसत होतं की वीस तसेच आहेत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, हे काही केल्या उलगडत नव्हतं. हिशोबात चूक शोधत मी कितीदा बसलो. हिशोबात चूक नव्हतीच.

महाशिवरात्रीला भरणाऱ्या मार्कंड्याच्या जत्रेच्या आधी आमच्याकडे जीपगाड्यांची रांग लागायची. भाविकांना ने-आण करायची म्हणून गाड्यांचे मालक इंजिनं करून घ्यायचे. अशाच एका जीपचं हेड बेंचवर होतं. त्या दिवशी लाइन इतकी उतरली की ब्लोअरनं जेमतेम एक इंच ओढलं. एका इंचावरची हवा पाचानं गुणायची. मी गुणलं, अन् तक्त्यातला आकडा जवळपास जसाच्या तसा आला. मालक मागून पाहत होते. ते कौतुकानं म्हणाले की बघा, ब्लोअर मरायला टेकला तरी हेडचा आकडा कसा पक्का येतो. ते पुढं निघून गेले अन् माझे हात जागच्या जागी थांबले.

हा हिशोब ब्लोअरबद्दल काही विचारतच नाही! ब्लोअर तगडा असो की मरतुकडा, त्याचं अशक्तपण हिशोबातून काढून टाकायचं, यासाठीच तर तो केलेला असतो. उरतं ते फक्त भोक, हवा ज्यातून जाते ते. भाऊजी फुंकत होते तेव्हा भोक होतं त्या पत्र्याच्या चकतीचं. ते तेच राहणार होतं. त्यातून मी फुंको, पहिलवान फुंको की मरणाच्या दारातला माणूस फुंको, वीसच येणार होते. आम्ही इतके दिवस त्या पत्र्याची तब्येत मोजत होतो. मला आधी स्वतःचा राग आला, मग भाऊजींचा. एवढा हुशार माणूस, दुसऱ्याच्या हेडमधली केसाएवढी भेग ज्याला कळते, त्याला हे कळू नये? पण शहाणा माणूस स्वतःपुरता खुळा असतो. अन् सुटका दाखवणारा आकडा कोण उलटा करून पाहतो?

सांगावं की नाही, हा प्रश्न मला पडला नाही. माझा स्वभावच तसा. दुपारच्या सुट्टीत बाकीचे डबे घेऊन झाडाखाली गेले, तेव्हा मी भाऊजींना बेंचजवळ थांबवलं. चकती बसवली, पाईप लावला. म्हटलं, मी फुंकतो, तुम्ही पाणी पाहा. बशीतल्या चहावर घालतो तेवढीच फुंकर मी घातली. पाणी एक इंच. हवा चार. चार पंचे वीस. मग छाती भरून घेतली अन् सगळा जोर लावला. पाणी पंचवीसला जाऊन टेकलं, हवा वीस. गुणायचं काही उरलंच नाही. भाऊजी दोन्ही नळ्यांकडे पाहत होते.

“हे वीस चकतीचे हायत, भाऊजी,” मी म्हणालो. “तुमचे नाईत. ब्लोअर मेला तरी हेडचा आकडा तोच येते.”

मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोटानं चकतीवरची धूळ पुसली.

“म्हंजे मी हेड नाई,” ते म्हणाले. “मी ब्लोअर व्हय.”

मग त्यांनी पाईप काढून गुंडाळून खुंटीला लावला अन् डबा न उघडता बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी ते वाळूच्या खोप्याकडे गेले नाहीत, अन् पुढंही कधी गेले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना माझ्या सायकलवर मागं बसवून घरी नेलं. वाटेत ते एवढंच म्हणाले की नागपूरला जाऊ, अन् बाईला हे भोकाचं काही सांगू नका. तिनं दारात विचारलं तेव्हा त्यांनी वीस सांगितलं. तेवढं मी खपवून घेतलं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मशीनच्या खोलीबाहेर रांग होती. बाई आली नव्हती. लेकरांच्या परीक्षा होत्या, अन् फक्त मोजून तर यायचं आहे, असं भाऊजींनी तिला पटवलं होतं. आत पाण्यात उलटं बुडवलेलं एक पिंप होतं, त्याला पेन जोडलेलं, अन् पेनापुढे कागद गुंडाळलेला ड्रम हळूहळू फिरायचा. तोंडातल्या पाईपातून फुंकलं की पिंप वर उचललं जायचं अन् पेन किती लिटर हवा निघाली त्याची रेघ कागदावर काढायचं. भाऊजींनी मशीन खालपासून वरपर्यंत न्याहाळली. कारागीर माणूस, तिथंही त्यांचे डोळे जरा चमकले. मशीनवरच्या मॅडम म्हणाल्या, जेवढा जोर आहे तेवढा लावा. त्यांनी लावला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा काळानिळा पडला. पेन थोडं वर गेलं अन् तिथंच आडवं झालं. पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेवढंच. त्यानंतर खोकल्याची उबळ आली ती थांबेना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो, अन् हाताखाली नुसत्या फासळ्या लागत होत्या.

उबळ थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले अन् मॅडमना विचारलं, “याले कितीनं गुणाचं?”

मॅडमना प्रश्नच कळला नाही. त्या कागद सोडवत होत्या. भाऊजींनी पुन्हा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “इथं गुणत नाहीत, काका. जे आलं तेच.”

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं. भाऊजींच्या वयाच्या माणसात असायला पाहिजे त्याच्या निम्म्याहूनही बरंच कमी उरलं होतं. वाळू बंद केली हे बरं झालं, पण ती आधी बंद व्हायला हवी होती. आत गेलेली बाहेर काढता येत नाही, अन् नवी जात नसली तरी आतलं नासणं चालूच राहतं. गोळ्या लिहून दिल्या, श्वास मोकळा व्हायला. आधी म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. ते मला माहीत होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा. विसाच्या आधी.

परतीच्या पॅसेंजरमध्ये भाऊजी खिडकीशी बसले होते. मी भद्रावतीला चहा आणला, तो त्यांनी हातात धरून ठेवला अन् थंड झाल्यावर बाहेर ओतला. पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाशी भाऊजी गेले, ते मी इथंच सांगून टाकतो, कारण मला शेवटी त्यावर यायचं नाही. ते गेल्यावर चकतीची गोष्ट बाईला कळली, अन् किती दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. एकदा भांडी घासता घासता, माझ्याकडे न पाहता म्हणाली की त्या विसावर ते सकाळी उठत होते रे, तू ते काढून घेतलंस अन् मग ते उठलेच नाहीत. मी उलट बोललो. वाळू बंद झाली ती माझ्यामुळं, चार महिने जास्त मिळाले ते माझ्यामुळं, असं काहीबाही बोललो अन् उठून गेलो. मी आजही म्हणतो की मी बरोबर केलं. पण असं बरोबर वागून घरात कोणाला सुख मिळालं, असं मला सांगता येणार नाही.

तर नागपूरहून आम्ही घरी पोचलो, तेव्हा दिवेलागण होत होती. बाई दारातच उभी होती, हाताला पीठ. भाऊजी पायरी चढले अन् चौकटीला धरून थांबले. तेवढ्याशा पायरीनं त्यांना दम लागला होता. तिनं रोजच्यासारखंच विचारलं, किती आले?

मला वाटलं, ते वीस म्हणतील. मी मनातून तयार होतो, म्हणू दे म्हटलं, आजच्या दिवस म्हणू दे.

“सव्वा,” भाऊजी म्हणाले.

बाईनं पुढच्या आकड्याची वाट पाहिली. भाऊजी आत जाऊन खाटेवर बसले अन् दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून खाली पाहत श्वास घेत राहिले. ती त्यांच्या मागोमाग आत आली. तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं काही नव्हतं. लहान आकडा आधी येतो, हे तिला ठाऊक होतं.

“मंग गुणा ना,” ती म्हणाली.

भाऊजींनी मान वर केली नाही. मग ती माझ्याकडे वळली, अन् त्यांना ऐकू जाऊ नये अशा हलक्या आवाजात म्हणाली, “भाऊ, तूच गुण. त्याईले दम लागला असन.”